ढाण्या कुठे राहतो, याचा खुलासा

खांदेश्वर, गुरुवार

तीर्थस्वरूप अण्णांस,

धाकट्या ज्ञानूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावर, कंबर अजून वाकत नाही, डॉक्टरांनी पट्टा दिलाय.) तुमचा गुडघा कसा आहे? शालननं पाठवलेलं तेल लावता, की फडताळात ठेवून त्याला उदबत्ती ओवाळता? शेंगा काढून झाल्या का? वहिनी गेल्यापासून तुम्ही एकवेळच जेवता असं ऐकलं, ते खरं असेल तर बरं नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तर तुम्ही फोन ठेवून देता, म्हणून हा कागद धनाजीच्या हाती देतोय. वाशीच्या मार्केटात भाजी उतरवून तो दुपारी आमच्याकडं चहाला येणार आहे आणि तसाच टेम्पो घेऊन गावी परतणार आहे.

मुद्द्याचं आधी सांगतो. ढाण्या बाहेर असतो. पिल्लू पाठवताना तुम्ही धनाजीजवळ जो निरोप दिला होता (कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेर, घरात घेतलंस असं कानावर आलं तर त्याच टेम्पोतनं परत पाठव), तो आम्ही तंतोतंत पाळतोय. एवढं वाचून पत्राची घडी करून कोनाड्यात ठेवलीत तरी चालेल. पुढं नुसता तपशील आहे, आणि चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसानं तपशिलात शिरू नये.

तरीही वाचताय, म्हणजे तुम्हाला संशय आहे. तर सांगतो. गावाकडं बाहेर म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागत नाही. अंगण आहे, गोठा आहे, गोठ्यामागं कडब्याची गंजी आहे, आणि तिच्यापलीकडं ओढ्यापर्यंत सगळं बाहेरच बाहेर. इथं तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं की समोर लिफ्ट, उजवीकडं सुमेधाताईंचं दार, डावीकडं जिना, आणि मधे चार फरशांची जी जागा उरते तिला पॅसेज म्हणतात. आमच्यापुरतं बाहेर ते एवढंच. मी त्यातल्या दोन फरशा झाडून पुसून घेतल्या, पोतं अंथरलं, पाण्याचं भांडं ठेवलं आणि ढाण्याला आमच्या जाळीच्या दाराला बांधला. मनात म्हटलं, अण्णांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

राखण त्याच्या रक्तातच आहे, यात वाद नाही. फक्त घर कोणतं हे त्याला नीट समजावून सांगायचं राहिलं. त्याची अशी समजूत झाली की लिफ्ट हे आपलं घर आणि तिच्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस चोर. (विचार केला तर चूक त्याची नाही. आमच्या घरातून दिवसभरात शालन आणि मी, दोघंच बाहेर पडतो. त्या पेटीतून मात्र दर पाच मिनिटांनी माणूस निघायचा, आणि आत गेलेला वेगळा, बाहेर आलेला वेगळा. कुठलंही शहाणं कुत्रं भुंकेल.) पहिल्या दिवशी त्यानं तिसऱ्या मजल्यावर कुणालाच उतरू दिलं नाही. लोक चौथ्यावर उतरून जिन्यानं खाली यायला लागले. सुमेधाताई घरात बसून ऑफिसचं काम करतात, त्यांच्या मीटिंगा चालू असतात. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांना दोन दिवस वाटत होतं की बाई प्रत्येक मुद्द्यावर हरकत घेतायत. तिसऱ्या दिवशी मी ढाण्याला खाली नेऊन वॉचमनच्या केबिनीत सोडला. शिवा वॉचमन भला माणूस. त्यानं आपली खुर्ची दिली आणि स्वतः बाहेर उन्हात उभा राहिला. गेटवरून येणाराजाणारा विचारायचा, ‘शिवा, शिक्षा झाली का रे?’

मग नोटीस आली. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी मालतीबाई. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून लिफ्टमध्ये त्या शिरल्या की आम्ही पोरांसारखे सरळ उभे राहतो. नोटिशीत होतं की प्राणी सभासदाने स्वतःच्या सदनिकेच्या आतच ठेवावा. पॅसेज, जिना आणि वॉचमनची केबिन या सगळ्यांच्या सामाईक जागा आहेत. म्हणजे तुमचा हुकूम बाहेर, सोसायटीचा हुकूम आत. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे मी, कमरेला पट्टा बांधून. शालन म्हणाली, आणा की सरळ घरात, अण्णा काय दुर्बीण लावून बसलेत? मी तिला सांगितलं, अण्णांना दुर्बीण लागत नाही, त्यांच्याकडे धनाजी आहे.

त्यात मला गॅलरी सुचली. सहा फूट बाय चार. इकडं सगळ्यांनीच गॅलरी ‘आत घेतलेली’ असते; म्हणजे कठड्यावर सरकत्या काचा लावायच्या आणि तिथं खोलीसारखं वावरायला लागायचं. खालच्या मजल्यावरच्यांनी तिथं देवघर केलंय, वरच्यांनी मुलाचा पलंग टाकलाय. आमच्याकडं वॉशिंग मशीन, पार्थची सायकल (पार्थ नोकरीला बंगळुरूला, सायकल इथं), तुळस, आणि दोन पोती आहेत ज्यांत काय आहे हे शालनलाही आता आठवत नाही. ही गॅलरी, अण्णा, हॉलच्या दारापलीकडं आहे, म्हणजे बाहेर. आणि आमच्या भिंतींच्या हद्दीत आहे, म्हणजे आत. जागा एक, कुत्रं एक, आणि दोन्ही हुकूम एकाच वेळी पाळले जातायत. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी शालनला शिरा करायला लावला आणि ढाण्यालाही वाटीभर दिला.

इथंच थांबलो असतो तर आज हे पत्र एका पानात संपलं असतं. पण बत्तीस वर्षं महाप्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळलेला माणूस मी. चार स्क्रू द्यायचे तरी सही घेऊन दिले, आणि सहीची झेरॉक्स काढून ठेवली. कुणी विचारलेलं नसताना मी सोसायटीला अर्ज लिहिला: आमचा कुत्रा आमच्या सदनिकेच्या आत, गॅलरीत राहतो, सदर गॅलरी हा आमच्या घराचाच अविभाज्य भाग आहे, कळावे. वर ‘मिळाला’ असा शिक्का मारून घेतला आणि ताठ मानेनं घरी आलो. मालतीबाईंनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि कपाटातून आमच्या फ्लॅटची फाइल काढली. तिच्यात माझाच दुसरा अर्ज होता. दोन वर्षांपूर्वी इमारतीच्या रंगकामाला सोसायटीनं गॅलऱ्यांच्या काचा काढायला सांगितल्या होत्या, कारण त्या मुळात बेकायदा. तेव्हा काचा वाचवायला मी लिहून दिलं होतं की आमची गॅलरी ही पूर्णपणे घराबाहेरची मोकळी जागा असून, काचा नुसत्या पावसापुरत्या टेकवून ठेवल्या आहेत. त्याच्यावरही ‘मिळाला’. दोन्हींखाली माझी तीच लफ्फेदार सही, जी करायला तुम्हीच पाटीवर शिकवली होती.

मालतीबाई आवाज न चढवता म्हणाल्या, ‘निकम, तुमची गॅलरी आत आहे की बाहेर, हे आधी ठरवा. मग कुत्र्याचं बघू.’

बघा पंचाईत. गॅलरी आत म्हणावी तर मागचा अर्ज खोटा ठरतो आणि काचा निघतात. बाहेर म्हणावी तर कुत्रं बाहेर ठेवल्याची नोटीस पुन्हा लागू. मी म्हणालो, विचार करून लेखी कळवतो. त्यावर त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, लेखी नको, आम्ही रविवारी येऊन डोळ्यांनी बघतो.

रविवारी कमिटी आली. मालतीबाई, आणि मोजायची टेप घेऊन चेअरमन सितारामशेठ. मी ढाण्याला सकाळपासून पढवून गॅलरीत बसवला होता. कमिटी हॉलमध्ये शिरली तेव्हा तो झोपला होता, आणि कसा झोपला होता ते ऐका. हॉल आणि गॅलरी यांच्यामधल्या सरकत्या दाराच्या पट्टीवर, बरोब्बर मधोमध आडवा. डोकं आणि पुढचे दोन पाय हॉलमध्ये, मागचे पाय आणि शेपूट गॅलरीत. हिरण्यकशिपूनंतर उंबऱ्यावर इतका खल कुणी केला नसेल, अण्णा. सितारामशेठचं म्हणणं, जिकडं तोंड तिकडं जनावर, त्यामुळं हे कुत्रं आत आहे. मालतीबाईंचं म्हणणं, शेजाऱ्यांना त्रास होतो तो मागच्या भागाचा, म्हणून हिशेबात तोच धरावा, आणि तो बाहेर आहे. टेप लावली. साडेअकरा इंच आत, तेरा इंच बाहेर, शेपूट वगळून. शेपूट धरावी की नाही यावर दोन वेळा चहा झाला. तेवढ्यात ढाण्यानं जांभई दिली, उठला, गोल फिरला आणि मागचा भाग आत, पुढचा बाहेर करून पुन्हा झोपला. सितारामशेठनी टेपेची गुंडाळी केली आणि हसायला लागले. मी मालतीबाईंना हसताना प्रथमच पाहिलं; त्यांना हसू आलं की ठसका लागतो.

हसल्या तरी निकाल दिलाच. काचा आठ दिवसांत काढायच्या, मग कुत्रं गॅलरीत राहिलं तरी हरकत नाही. मी काढल्या. (तुमच्या शब्दापायी मी काचा काढल्या, याची कुठंतरी नोंद ठेवा.) आता आमची गॅलरी कुणालाही विचारा, शंभर टक्के बाहेर. कबुतरांनाही ते लगेच पटलं. पहिल्याच सकाळी चौदा कबुतरं येऊन सायकलीवर, मशीनवर आणि पोत्यांवर बसली, आणि ज्यानं अख्ख्या लिफ्टला दोन दिवस वेठीस धरलं तो तुमचा शूर ढाण्या शेपूट पोटात घालून हॉलमध्ये पळत आला आणि माझ्या खुर्चीखाली शिरला. मी त्याला पुन्हा नेऊन ठेवला. तो पुन्हा आला. असं सात वेळा झालं. त्यात परतीचा पाऊस सुरू झाला, आणि शालननं मला विचारलं की भिजलेलं लेकरू आत घ्यायला कुणाची परवानगी लागते.

तेव्हा अण्णा, वर मी लिहिलंय की ढाण्या बाहेर असतो, ते वाक्य सकाळी लिहिलेलं आहे. आता दुपार झाली. तो आत आहे. सकाळीही आतच होता, आणि खरं सांगायचं तर अकरा दिवस आतच आहे. गॅलरीत ठेवला की तो भुंकत नाही, रडतो. आणि मला ते ऐकवत नाही. रिटायर होऊन मला आठ महिने झाले. सकाळी साडेसातला कंपनीची बस नाक्यावरून जायची तेव्हा मी खिडकीत उभा राहून ती बघायचो आणि मग दिवसभर काय करावं ते कळायचं नाही. हे मी शालनलाही बोललेलो नाही. आता साडेसातला ढाण्या फिरायला जायचा स्वतःचा पट्टा तोंडात धरून दाराशी बसलेला असतो. मला त्याची फार माया लागलीय. तुमचा शब्द मी आजवर मोडला नाही. परत पाठव म्हणालात तर धनाजीच्या टेम्पोत मी स्वतः चढवीन. पण तसं म्हणू नका.

आळीतल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. जेवत जा.

तुमचा आज्ञाधारक (अकरा दिवस वगळून),
ज्ञानू

ता. क. सोबत एक कोरा कागद जोडला आहे. त्यावर ‘कुत्रे घरात ठेवण्यास माझी हरकत नाही’ एवढंच लिहून सही करावी. तारीख बारा दिवसांपूर्वीची टाकावी.

ता. क. पुन्हा. तो सोफ्यावर बसतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आम्ही बसलेले असताना तो कधीच बसत नाही. त्याला पुरेशी जागा मिळत नाही.

अण्णा, मी शालन. हे दूध आणायला खाली गेलेत तेवढ्यात लिहिते. धनाजी आत चहा पितोय. ढाण्याला सोफ्यावर बघून त्याला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाला, ‘काकी, ह्ये भायेर कवा झोपलंय? अण्णांच्या वाकळंतच असायचं की, त्यांच्या दंडावर डोस्कं ठिवून.’ मग त्यानं पुढचंही सांगितलं. ज्ञानू रिटायर झाल्यापासून गप्प गप्प असतो, त्याला सोबत पाहिजे, म्हणून तुम्ही स्वतः पिल्लू उचलून टेम्पोत ठेवलंत आणि नंतर दोन दिवस जेवला नाहीत. आम्हाला कळू नये म्हणून निरोप मात्र असा कडक धाडलात. यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्या कोऱ्या कागदावर काही लिहू नका. येत्या बुधवारी धनाजी तिकडून निघेल तेव्हा त्याच्या शेजारची जागा तुमची आहे, तसं मी त्याला बजावलंय, आणि गुडघ्यासाठी तो पायाखाली स्टूल धरेल. येताना थोरल्या जाऊबाईंनी शिवलेली ती वाकळ तेवढी आणा. आमच्या चादरींवर ढाण्या नुसता गोल गोल फिरत राहतो, त्याला काही केल्या झोप लागत नाही.