कुंकू लावलेलं काडतूस

आण्णा, काल आईनं पुन्हा दादाची माफी मागितली. ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, "माझ्या हातनं झालं रे बाबा," आणि दादा नेहमीसारखा मान खाली घालून जेवत राहिला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या घरात अजून तुमचाच शब्द चालतो. बाकी कशाची घडी तुम्ही नीट बसवली नाहीत, एवढी मात्र बसवून गेलात.

तुमची ती एकनळी बंदूक. शेताच्या राखणीसाठी परवाना काढलेला, आणि सगळ्या शिवारात तोरा असा की जणू कलेक्टरनं घरी येऊन दिली. पितळी काडतुसं तुम्ही घरीच पुन्हा भरायचात. पुण्याहून बंदुकीची दारू, ती पेटवणाऱ्या टोप्या आणि छर्रे आणायचे, दुपारची जेवणं उरकली की चूल विझवायला लावायची, राखसुद्धा अंगणात काढायला लावायची आणि मग स्वयंपाकघरात पाट मांडून बसायचं. छर्रे बाहेर सांडू नयेत म्हणून वर पुठ्ठ्याची चकती बसवायचात, तीही लग्नपत्रिका कापून. गावातली निम्मी लग्नं आण्णांनी बार करून उडवली, असं म्हणून दादा हसायचा. पाखरांना, वानरांना बारीक छर्रे, रानडुकराला मोठे. बाहेरून दोन्ही काडतुसं सारखीच, वजनालाही सारखी. म्हणून तोंडाला लावलेलं मेण मऊ असतानाच तुम्ही बारीकवर हळदीचा ठिपका द्यायचात आणि मोठ्यावर कुंकवाचा. "पितळंवर पेन टिकत न्हाई, कुकू टिकतं," म्हणायचात. युक्ती चांगली होती, नाही कशाला म्हणू?

त्या वर्षी खंडेनवमीला मी माहेरी आले होते. पाटावर बंदूक, विळे, कोयता, नांगराचा फाळ आणि एका ताटलीत तुमची काडतुसं. आई पूजेला बसली, सगळ्यांना हळदीकुंकू लावत काडतुसांपाशी आली आणि थांबली. "ह्यांना बी लावू का वं? तुमच्या खुना हायेत त्यांच्यावर." तुम्ही पेपरातून मान वर केली नाहीत. "लाव की. शस्त्रच हायेत ती. मी बघतो मागनं." दादा तेव्हा घरात नव्हता, पण मी शेजारीच नारळ खवत होते आण्णा, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तुम्ही लाव म्हणालात म्हणून तिनं प्रत्येकाला हळदही लावली आणि कुंकूही. शहाण्या बाईसारखं विचारून लावलं.

दसरा झाल्यावर तुम्ही ओसरीवर बसून ती सगळी ओल्या फडक्यानं पुसलीत, पण मेणावर हळदकुंकू एकमेकांत मिसळून तुमच्या जुन्या खुणा ओळखू येईनात. दादा तेव्हाही राजुरीच्या रस्त्यावर पळायला गेला होता, पोलीस भरतीची तयारी चालली होती त्याची. तुम्ही एकेक काडतूस कानाशी धरून हलवायचात, डोळे मिटून ऐकायचात आणि हळद नाहीतर कुंकू लावून बाजूला ठेवायचात. आई म्हणाली, "येकदा मेन काडून आत बघा ना." तर तुम्ही तिच्याकडं असं बघितलंत, जणू तिनं तुमची अक्कलच काढली. "इतकी वर्सं भरतोय. मला आवाज कळत न्हाई व्हय?" नाही कळला. आणि मेण काढून बघायला असा कितीसा वेळ लागणार होता?

चारसहा दिवसांनी सकाळी मक्यात डुक्कर शिरलं. दादानं कुंकवाचं काडतूस घातलं, जवळ गेला आणि बार काढला. डुक्कर पडलं नाही, पिसाळलं. सरळ त्याच्या अंगावर आलं आणि त्याची मांडी फाडून गेलं. मागाहून आम्ही बघितलं, तर मक्याच्या पानांची बारीक बारीक भोकं पडून चाळण झाली होती. पाखरांचे छर्रे होते ते.

ओतूरच्या दवाखान्यात दादा आत होता आणि बाहेर सगळा गोतावळा जमला होता. तिथं, सगळ्यांसमोर, तुम्ही आईकडं बोट केलंत. "हिच्या हळदीकुकवानं माझं पोर अदू केलं." मी म्हणाले, "आण्णा, तिनं तुम्हाला विचारलं होतं." तर मला म्हणालात, "दिल्या घरची पावनी तू, पावनीसारखी ऱ्हा." आईनं माझा हात दाबला आणि मी गप्प बसावं म्हणून स्वतःची शपथ घातली. दादाची भरती गेली, पाय कायमचा आखडला. तुम्ही मात्र पुढं दर खंडेनवमीला सांगत राहिलात, "हिला पाटापास्नं लांब ठेवा." तुम्हाला लाज कशी वाटली नाही, हे मला आजही कळत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, ते लोक बघत होते म्हणून.

काल दादा जेवून उठल्यावर मला राहवलं नाही. आई भांडी घासत होती. म्हटलं इतकी वर्षं ऐकून ऐकून हिला आता ते खरंच वाटायला लागलं असेल. म्हणाले, "आई, तू विचारलं होतंस. त्यांनी लाव म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलंय."

"मग मला काय आटवत न्हाई व्हय?" आई म्हणाली. हातातली परात तशीच घासत होती. "तवा बोलले असते, तर त्यो बापाच्या अंगावर गेला असता."

"पण आता तर आण्णा नाहीत. आता तरी सांग त्याला."

"आता तर मुळीच न्हाई. मेलेलं मानूस माफी मागतं व्हय? मी मागते, तर त्याला दोन घास गोड लागत्यात. त्यो राग काडायला कुटं जाईल मग?" आणि मला म्हणाली, "तू बी सांगू नगंस."

खरं सांगते आण्णा, हे पत्र मी दादाला लिहायला बसले होते. धीर झाला नाही. तुम्हाला लिहायला काही लागत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.