गुलाबी दगडातले जुने कण

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी बरी आहे. थंडी पडली आहे आणि प्रयोगशाळेतला हीटर नेहमीसारखाच बंद आहे. वहिनी फोनवर म्हणाली की तू हल्ली ओट्यांचे ग्रॅनाइट कापतोस आणि खोकला जात नाही. पाणी सोडून कापतोस ना? कोरड्या धुळीचं मी तुला काय सांगणार, मला तूच शिकवलंस.

एक बातमी आहे. टेकडीवरचा तो गुलाबी ग्रॅनाइट तुला आठवत असेलच. दगड अडीचशे कोटी वर्षांचा, पण त्याच्या भुकटीत झिरकॉन या खनिजाचे काही कण तीनशे तीस कोटींचे निघाले. ती भुकटी केली त्याच्या आदल्या दिवशी तू इथल्याच दगड फोडायच्या क्रशरमध्ये तेवढाच जुना करडा ग्रॅनाइट फोडला होतास. साहेब म्हणाले, क्रशर धुतला नाही, करड्याचे कण गुलाबीत मिसळले. अहवाल मागे घेतला आणि तुला घरी बसवलं. अकरा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात त्याच कणांची चकती मी कपाटातून काढून पुन्हा घासली. तेव्हा वय मोजायला आपण कणांच्या फक्त मध्यावर किरण मारला होता, कडा कुणी पाहिल्याच नाहीत. प्रत्येक जुन्या कणाभोवती अडीचशे कोटींची पातळ साय आहे. म्हणजे करडा खडक खोल गेला, वितळला आणि त्यातूनच गुलाबी तयार झाला. फक्त हे कण विरघळले नाहीत. भूखंड असा स्वतःलाच पुन्हा वितळवत घडत गेला. क्रशरमधून आलेल्या कणावर अशी साय धरत नाही. ते कण त्या गुलाबी दगडाचेच होते, दादा.

साहेब खूश झाले. "म्हणजे तुमच्या भावाने क्रशर धुतला होता म्हणायचा," म्हणाले. मी होकारार्थी मान हलवली.

इथवर लिहून मी दोनदा चहा करून आले.

क्रशर धुतला नव्हता. गुलाबी फोडायचा होता त्या दुपारी तू आईला ड्रेसिंगसाठी दवाखान्यात घेऊन गेलास. जाताना म्हणालास, "जबडे ब्रशने घास, पांढरा क्वार्ट्झ दोनदा फोडून टाकून दे, मगच गुलाबीला हात लाव. आणि वहीत लिही." "हो रे, किती वेळा सांगशील," म्हटलं. मला लवकर निघायचं होतं. मी नुसता हवेचा फवारा मारला आणि वहीत तुझी सही ठोकली.

चौकशीत साहेबांनी वही पुढे केली. प्रगतिपुस्तकावर मी बाबांची सही करायचे, ती पकडणारा तूच; तुला कळायला कितीसा वेळ लागणार? तू वहीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलं नाहीस. "सही माझीच आहे," म्हणालास. बाहेर आल्यावर एवढंच बोललास, "माझ्या घरी येऊ नकोस."

दादा उगाच रागावलाय, असं मी सगळ्यांना सांगत आले. आई गेली त्या दिवशीही तुझ्या फाटकापाशी उभी राहून परतले.

आता गप्प बसले असते तर दगडाने तुला सोडवलं असतं आणि तुझ्यामागोमाग मीही सुटले असते. काल साहेबांना सगळं लिहून दिलं. वाचून म्हणाले, "बाई, आता कोण विचारतंय हे? नोकरी जाईल तुमची."

"त्याची गेली होती," म्हटलं.

त्या पत्राची प्रत सोबत ठेवली आहे. वहिनीलाही वाचू दे.

कण त्या दगडाचेच निघाले, यात माझं काही नाही. ते मिसळलेले असते तरी तू तेच म्हणाला असतास, आणि मी तशीच उभी राहिले असते.

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं लिहून संपवणार होते. ते खरं नाही. शिव्या दे, पण लिही.

तुझ्या शेजारी गप्प उभी राहिलेली,
तुझी धाकटी