वहिनीला घर, एका अटीवर

मी, खाली सही करणारी, राष्ट्रीय महिला फुटबॉल संघाची माजी बचावपटू, संघात जिला सगळ्याजणी ‘कडी’ म्हणत, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. उमेदीची वर्षे चेंडू डोक्याने परतवण्यात गेली, म्हणून त्या डोक्याबद्दल कोणी शंका काढील, तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. या आठवड्यात माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणतात. सामन्याआधी आमचे प्रशिक्षकही असेच म्हणत आणि मग आम्ही सडकून मार खायचो.

कलम १. माझे बूट, शिनगार्ड आणि देशाच्या जर्सी वरच्या मजल्यावर लोखंडी पेटीत आहेत. पेटी गल्लीतल्या शाळेच्या मुलींच्या संघाला द्यावी. जर्सी काचेत लावू नयेत, घालाव्यात. पहिली जर्सी पुरुषांच्या मापाची आहे. आम्हाला तेव्हा तीच मिळे आणि तिच्या बाहीत माझा अख्खा हात हरवून जाई.

कलम २. पदके भाच्याला, म्हणजे वहिनीच्या मुलाला. लहानपणी त्याने त्यांतले एक चावून पाहिले होते, तेव्हाच त्याचा जीव कशात आहे ते कळले. घर विकून टाकू, आईला भाड्याची खोली बघू, असे तो हल्ली गोड बोलून सुचवतो. त्याला पदकांपलीकडे काही मिळू नये.

कलम ३. संघटनेच्या माजी सचिवांना माझा जुना गुडघा, डॉक्टरांनी तो बरणीत घालून दिल्यास, पोचवावा. परदेश दौऱ्यावर संघाबरोबर डॉक्टर पाठवायला त्यांच्याकडे जागा नव्हती, पण मेव्हण्याला होती.

कलम ४. घर. हे घर माझ्या पगारातून झाले. खाली मी राहते. भाऊ गेल्यापासून वर वहिनी एकटीच आहे. ही वहिनी म्हणजे आमच्या संघाची गोलरक्षक. भावाशी तिची ओळख मीच करून दिली, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नाही. माझ्यामागे घर तिलाच मिळावे, मात्र एका अटीवर.

गोलरक्षकाला चेंडू घ्यायचा असेल, तर तिने ‘सोड!’ असे ओरडायचे आणि बचावपटूने विचार न करता सोडायचा, ही मैदानावरची रीत. अंतिम सामन्यात, अगदी शेवटी, ती ओरडली नाही. मी पाय घातला आणि चेंडू आमच्याच जाळ्यात गेला. वर्तमानपत्रात फोटो माझा आला. तेव्हापासून तिचे एकच पालुपद: ‘मी ओरडले होते, तुझेच कान बंद होते.’ भाऊ बिचारा आमच्यात मध्यस्थी करून थकला. तरी तिने दोन साक्षीदारांसमोर ‘मी ओरडले नाही’ असे म्हणावे आणि घर घ्यावे.

कलम ४ ची पुरवणी. वरील मसुदा वहिनीने काल वाचला. ‘भाड्याच्या खोलीत राहीन, पण खोटं बोलणार नाही,’ असे म्हणून ती वर निघून गेली. मला रात्री घास गेला नाही, पण मीही हटले नाही.

कलम ५. आज सकाळी मी कलम १ मधली पेटी स्वतः खाली आणायला निघाले. असल्या गुडघ्याने हे उद्योग करू नयेत. पेटी घेऊन उतरताना अर्ध्या जिन्यात पाय लटपटला आणि खालून वहिनी ओरडली, ‘सोड!’ माझे हात आपोआप सुटले. मी कठडा पकडला. पेटी धडधडत खाली गेली आणि वहिनीने ती, या वयात, आडवी झेप घेऊन अडवली. मी पेटी धरून ठेवली असती, तर तिच्यामागोमाग मीही गेले असते.

मी म्हटले, ‘बघितलंस? तू ओरडलीस की मी सोडते.’

ती पेटीला टेकून पायरीवर बसली. मग म्हणाली, ‘तेव्हा घाबरले होते गं. तोंड उघडलं, आवाज निघालाच नाही. लिही आता तुझ्या कागदात. पण घाबरले होते, हेही लिही.’

लिहिले. एवढ्यासाठी मी इतकी वर्षे जीव टाकत होते, पण ऐकल्यावर जिंकल्यासारखे काही वाटले नाही. मीही त्या दिवशी घाबरलेच होते. तेव्हाच एकमेकींना सांगितले असते, तर भावाचे जेवण तरी शांतपणे झाले असते.

जिन्यात साक्षीदार नव्हते, मग अट पुरी झाली का, असा मुद्दा वकीलबाईंनी काढला. मी अटच रद्द करत आहे. घर, वरचे आणि खालचे, अंगणासकट, वहिनीचे. भाच्याने आपली खोली आपण बघावी.

साक्षीदार:
१. माझी फिजिओथेरपिस्ट. पेटीचा प्रकार कळल्यापासून माझ्याशी बोलत नाही, पण सही केली.
२. शेजारचे निवृत्त रेफरी. घड्याळ बघून सही केली.
जिला घर मिळते तिने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून वहिनीला जिन्यात बसवले आहे.

ठिकाण: खालच्या मजल्यावरची पुढची खोली.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस.

सही: कडी
(सही करताना जिन्यातून ‘आधी चष्मा लाव!’ अशी आरोळी आली. स्पष्ट ऐकू आली. लावला.)