तीन नंबर

४ मार्च, मंगळवार
निर्णय झाला. यापुढे केस मशीनचे तीन नंबर, जेमतेम सेंटिमीटरभर. सगळीकडे सारखे. भांग नाही, तेल नाही, कंगवा नाही. रोज सकाळी आरशासमोर माझी चार मिनिटं जातात. म्हणजे वर्षाला चोवीस तास. वर्षातला एक अख्खा दिवस मी भांग पाडत उभा असतो. ऑफिसात आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाच्या हे आधीच लक्षात यायला हवं होतं.

आज सलूनवाले वर आले होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. खुब्याचं हाड मोडल्यापासून बाबांना दोन जिने उतरवत नाहीत, म्हणून दर दुसऱ्या मंगळवारी, दुकानाच्या सुट्टीला, ते घरी येऊन बाबांचे केस कापतात. बाबा बस डेपोत कंट्रोलर होते. सलूनवाले त्यांना अजून कंट्रोलरसाहेबच म्हणतात. काम दहा मिनिटांचं. थांबले पावणेदोन तास. कुठली बस कोणत्या चौकातून वळायची, यावर दोघांचं भांडण. दोन वेळा चहा. बाबा हसता हसता खोकले.
एवढ्या वेळात माझी चाळीस पत्रं रजिस्टरला चढली असती.

६ मार्च
ट्रिमर आला. खोक्यावरचा माणूस हसतो आहे. माहितीपत्रक वाचलं नाही. गरज वाटली नाही.

८ मार्च, शनिवार. सकाळी ९.४०
स्वतःचे केस स्वतः कापले. समोरून उत्तम. मागे हात पोचतो, नजर पोचत नाही. डाव्या कानामागे मशीनच्या पात्यावरचं गार्ड निसटलं. शर्टाच्या बटणाएवढी जागा साफ झाली. बायको म्हणाली, उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय. मी म्हणालो, वाढेल. तिने विचारलं, कोण, उंदीर?

१० मार्च, सोमवार
डिस्पॅचच्या बाईंनी विचारलं, पैज हरलात का. मी हसून सोडून दिलं. नवीन गोष्ट लोकांना पचायला वेळ लागतो. दिवसभर उजवी बाजू पुढे करून बसलो. मान दुखते आहे.

१६ मार्च, रविवार
सोय आपल्यापुरती ठेवणं बरं नाही. आज बाबांचे केस मशीनने काढले. सहा मिनिटं. सुरू करण्याआधी त्यांनी विचारलं, मंगळवार आहे ना परवा? मी म्हणालो, आता मंगळवारची गरजच नाही. नंतर हातात आरसा दिला. त्यांनी तो पालथा करून मांडीवर ठेवला. म्हणजे पसंत पडलं.

१७ मार्च, सोमवार
सलूनवाल्यांना सांगणं भाग होतं. खरं सांगितलं असतं तर माणूस दुखावला असता. म्हणून म्हणालो, बाबांच्या टाळूला काहीतरी त्वचेचं झालंय, डॉक्टरांनी कात्री बंद केलीय. त्यांचा चेहरा उतरला. हातातलं गिऱ्हाईक तसंच सोडून बाहेर पायरीवर आले. विचारलं, माझ्या कात्रीने तर नाही ना झालं? मी म्हणालो, तसं नक्की सांगता येत नाही.
हे शेवटचं वाक्य जरा जास्त झालं.

१८ मार्च, मंगळवार
बायको सांगत होती, बाबा चार वाजल्यापासून धुतलेला शर्ट घालून बसले होते. खुर्ची दाराकडे वळवून. मी आल्यावर सांगितलं की सलूनवाल्यांना आजकाल कामं फार. बाबांनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी?
सवय मोडायला दोन आठवडे लागतात. कुठेतरी वाचलं होतं.

२२ मार्च
ऑफिसला मागच्या रस्त्याने जातो. बारा मिनिटं जास्त लागतात. चालणं होतं. दुकान टाळतो असं नाही.

२७ मार्च
तीन नंबर दहा दिवसच तीन नंबर राहतो, हे कोणी सांगत नाही. नंतर केस उभे राहतात. बसत नाहीत, झोपत नाहीत. सकाळी पाणी, मग टॉवेल घट्ट बांधून थांबणं. अकरा मिनिटं. सुरुवातीचा काळ आहे.

१ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी ६.२०
दाराची बेल. सलूनवाले. आत आले नाहीत. चप्पलसुद्धा काढली नाही. पिशवीतून नवी कात्री काढून दाखवली, कागदात गुंडाळलेली. म्हणाले, जुन्या दोन्ही टाकून दिल्या, ही फक्त कंट्रोलरसाहेबांसाठी वेगळी ठेवतो, डॉक्टर म्हणतील तेव्हा. मग विचारलं, साहेब आहेत का, नुसतं बघून जातो.
मी म्हणालो, झोपलेत.
ते म्हणाले, मग उठवू नका. कठड्याला धरून सावकाश उतरले. त्यांचेही गुडघे गेलेत, हे मला माहीत नव्हतं.
दार लावून वळलो. बाबा तीन पावलांवर खुर्चीत. जागे. मांडीवर पेपर. माझ्याकडे पाहिलं नाही. पान उलटलं.

३ एप्रिल
त्या दिवसाबद्दल बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर समजावून सांगितलं असतं. समजावून सांगण्यासारखं काय होतं, ते आज बसमध्ये आठवून पाहिलं.

६ एप्रिल, रविवार
मशीन लावलं. बाबांनी डोक्यावर तळहात ठेवला आणि काढला नाही. म्हणाले, राहू दे, वाढू दे. जबरदस्ती केली नाही. चार दिवसांची दाढीही आहे.
बायको म्हणाली, जा आणि त्या माणसाला खरं सांगून ये, त्यात काय जीव जातोय. मी म्हणालो, उद्या.

७ एप्रिल
दुकानात गर्दी होती. चार लोकांसमोर असलं बोलणं बरं दिसत नाही.

९ एप्रिल
दुकानात कोणी नव्हतं. एकट्या माणसाला असं एकदम गाठणंही बरं दिसत नाही.

१२ एप्रिल, शनिवार
अर्धा दिवस. घरी आलो तर बाबांची खुर्ची रिकामी. चिठ्ठी होती: दुकानात आहोत. शेजारच्या काकूंनी सांगितलं, सूनबाईंनी हाताला धरून उतरवलं, प्रत्येक वळणावर स्टूल टाकून बसवत. चाळीस मिनिटं लागली. तेरा महिन्यांत पहिल्यांदा. जिना उतरताना वाटलं, घरी यायची सोय बंद झाली म्हणूनच ते उठले. म्हणजे एका अर्थी माझ्यामुळेच. वळणावर स्टूल तसंच होतं. पुढचं वाटलं नाही.

काचेतून दिसलं. बाबा खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड. बायको बाकावर. सलूनवाल्यांनी मला पाहिलं आणि हाताने आत बोलावलं. शेजारच्या खुर्चीत बसवलं. डाव्या कानामागे बोट फिरवलं. म्हणाले, साहेबांनी मला सगळं सांगितलं.
माझे कान तापले. आरशात लाल दिसत होते. इतके आखूड केस असले की कान लपत नाहीत.

सगळं म्हणजे असं. त्रास कात्रीचा नव्हताच, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि मुलाने महिनाभर सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने मलम लावलं, म्हणून इतक्या लवकर बरं झालं.
सलूनवाल्यांनी हे बाकावरच्या तिघा गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगितलं. म्हणाले, आजकाल कोण करतं एवढं. बायको भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिली.

तिघांतल्या एकाने टोपी काढून आपली टाळू दाखवली. विचारलं, मलमाचं नाव काय?

मशीनशिवाय मी बाबांच्या डोक्याला कधी हात लावलेला नाही.

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. उघडले नाहीत.
मी म्हणालो, ट्यूब घरी आहे, बघून सांगतो.