पिना कुणाच्या घरी राहते

हनापेपे, कवाई बेट
४ मे २००३

ती. मनांग कॉर्नेलिया हिस,
धाकट्या भावाचा, फर्मिनचा, शि. सा. न. वि. वि.

एक पलंग, आंब्याच्या लाकडाचा, एकही खिळा न मारता. एक टेबल, त्याचा खण एका बोटानं ढकलला तरी गुपचूप शेवटपर्यंत जातो. बंदराच्या बाजूला एक खिडकी. भिंतभर फळ्या. आणि वाऱ्यानं न आपटणारं एक दार. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं, आणि मागच्या पडवीची खोली झाली. कुणासाठी, ते ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. ती पुसून पुढे वाच.

नागरिकत्वाच्या मुलाखतीत पास झालो. सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर आली. शाळेत न जाता आली, हेही लिहून ठेवतो. शपथ जूनमध्ये, तुमच्या होनोलुलूतच. आता मुद्दा. बंदरावर सगळे सांगत होते, बापानं शपथ घेतली की अठराच्या आतली पोरं आपोआप नागरिक. ना अर्ज, ना परीक्षा. मीही तेच धरून चाललो होतो. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, मुलगी कुठे राहते? मी छाती काढून सांगितलं, नऊ वर्षं माझ्या थोरल्या बहिणीकडे, माझ्यापेक्षा चांगली वाढते आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, कायमच्या वास्तव्याचं कार्ड तिच्याकडे आहे हे ठीक, पण मुलगी नागरिक झालेल्या आईबापाजवळ राहत असली पाहिजे, आणि तेही अठरा पूर्ण व्हायच्या आत. घरी येऊन पत्रक शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं. बाई बरोबर होत्या.

पिनाला नोव्हेंबरमध्ये अठरा पूर्ण होतात. तिला तटरक्षक दलाच्या अकादमीत जायचं आहे, आणि तिथे नागरिकाशिवाय कुणाला उभं करत नाहीत. अठरानंतर तिनं स्वतः अर्ज करायचा तर प्रवेशाची वेळ टळेल. म्हणून तिला माझ्याकडे पाठव.

मुलाखतीच्या दिवशी होनोलुलूत येऊनही तुझ्याकडे न येता परतलो, कारण हे तोंडावर सांगायचा धीर झाला नाही.

तुझ्या मायेचा हक्कदार,
फर्मिन

*

कलिही, होनोलुलू
१३ मे २००३

चि. फर्मिन यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि सोबत एक चापटही.

विमानतळावरून माझं घर बसनं किती लांब आहे रे? माझ्या हातची भाजी, पिनाकबेत, जेवून मग भांडला असतास तर काय बिघडलं असतं?

पलंग केलास, छान केलास. नऊ वर्षं पोरीला पलंग लागतो हे आठवलं नाही, सरकारनं विचारल्यावर रंधा हातात घेतलास. पिनाची आई गेली, तू महिनोन्‌महिने बोटीवर, तेव्हा बिनलेकराच्या बहिणीची मांडी रिकामी ठेवायची नाही ही आपल्या मुलखाची, इलोकोसची रीत, म्हणून तूच तिला माझ्या ओटीत घातलीस. ती मला नानांग म्हणते. आई. आता तेच आडवं येतं म्हणे! सरकारला कुणीतरी सांगा की पोर एकाच घरात वाढत नाही.

शेजारचे म्हातारे आपो सिंप्लिसियो म्हणतात, एवढं काय घेऊन बसलात, अर्जावर बापाचा पत्ता लिहा. कोण बघायला येतंय? त्यांच्या नातवाच्या वेळी तसंच केलं. मलाही ते पटतं. येणारं वर्ष शाळेचं शेवटचं आहे तिचं, पोहण्याच्या संघाची ती कप्तान आहे.

आणि खरं सांगू? मला पत्रकाची भीती नाही, तुझी आहे. तू तिला नेशील, आणि कुठूनतरी बोटीच्या कामाचा निरोप आला की हत्यारांची पेटी उचलून चालू लागशील. आजवर हेच केलंस. मग पोर त्या देखण्या खोलीत एकटी झोपेल.

पिनाला विचारलं. ती ताटात कारली तशीच ठेवून उठली. हे कधी होत नाही.

रागातही तुझीच,
मनांग

*

हनापेपे
२२ मे २००३

ती. मनांगच्या पायांशी फर्मिन.

चापट पोचली. योग्य जागी लागली.

पण खोटा पत्ता नाही. फट राहिली की लांबी भरून वर रंग मारणारे सुतार मी पाहिले आहेत. पहिल्या लाटेला पाणी आत येतं. उद्या अकादमीनं विचारलं की तू त्या वर्षी कोणत्या शाळेत होतीस, तर पोर काय सांगणार? मी हात वर करून शपथ घ्यायची आणि त्याच हातानं खोटं लिहायचं, हे जमणार नाही. आपो सिंप्लिसियोंना माझा नमस्कार सांग, आणि सल्ला त्यांच्याकडेच राहू दे.

मी तिला तुझ्यापासून तोडत नाही. ती तुला नानांग म्हणते ते मला आवडतं. बारावी इथल्या वायमीयाच्या शाळेत करायची, एवढंच. शाळेत जाऊन आलो. पोहण्याचा संघ आहे, कप्तान लेचापेचा वाटला.

मी निघून जाईन ही तुझी भीती खोटी नाही. आजवरचा हिशेब तुझ्या बाजूनं आहे. एवढंच म्हणतो, बघ.

तुझा,
फर्मिन

*

कलिही
२९ जुलै २००३

चि. फर्मिन यास अनेक आशीर्वाद.

शपथेच्या दिवशी सभागृहात तुझ्या नव्या शर्टाच्या घड्या मागच्या रांगेतून दिसत होत्या. पिना हसून हसून वाकली. पण तू हात वर केलास आणि ती एकदम ताठ बसली. रात्री तिनंच विषय काढला. म्हणाली, नानांग, टाटांगनं माझ्यासाठी दार बनवलंय ते मला एकदा उघडून बघायचंय. मग मी कोण अडवणारी?

शनिवारच्या विमानानं पाठवते आहे. नीट वाच. ती झोपेत दात खाते, घाबरू नकोस. रुफिना अशी पूर्ण नावानं हाक मारू नकोस, ते तिला रागावल्यासारखं वाटतं. कारलं खाते, पण बागोओंग घालून शिजवलेलंच. मासळीच्या त्या खाराची बाटली पाठवते आहे, विमानात फुटली तर अख्खं बेट मला आठवेल. पोहून आली की भात लागतो, आणि तुझ्यासारखा मोजून नाही.

तू एवढी परीक्षा दिलीस, आणि ती नुसती पिशवी घेऊन तुझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार की झाली नागरिक! त्या वेळी तू तिच्यासमोर उभा राहा. कामावर जाऊ नकोस.

काल तिचे कपडे भरताना माझाच एक स्वेटर तिच्या पिशवीत गेला. राहू दे.

घर फार मोठं वाटायला लागलं आहे. लिहीत जा.

तुझी मनांग

*

हनापेपे
२६ ऑक्टोबर २००३

ती. मनांग हिस,
फर्मिन आणि पिना, दोघांचे नमस्कार एकाच कागदावर.

पिनाचा पासपोर्ट आला. निळा. नाव, तारीख, जन्मगाव, सगळं मी अक्षर अक्षर तपासलं, चूक नाही. पिना म्हणाली, टाटांग, सरकारलाही तू रंधा मारशील. मग मी लावायच्या आधी तिनंच तुला फोन लावला, आणि तू धुलाईखान्यातल्या कामाच्या पाळीवर होतीस. आता तू म्हणशील, मला आधी कळवलं नाही. फोन लावला होता.

त्या शनिवारी मी उंबऱ्यात उभा होतो. ती पिशवी घेऊन आली, चपला काढल्या, आत आली, आणि विचारलं, झाले का? मी म्हटलं, झालीस. ती म्हणाली, काहीच वाटलं नाही. मग खोलीचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि म्हणाली की इतक्या सरळ खोलीत आपणच वाकडे आहोत असं वाटतं. स्वेटर मात्र रोज घालते, इथल्या उकाड्यात.

अकादमीचा अर्ज गेला. आईचं नाव लिहायचं तिथे तिनं आपल्या आईचं लिहिलं. पुढे 'कुणी वाढवलं' अशी एक जागा होती, तिथे तुझं लिहिताना मला विचारलंही नाही. नाताळात ती तुझ्याकडे येईल, मीही येईन, आणि या वेळी बस पकडून आधी जेवायला येईन.

माया आहे तशीच राहू दे, दोघांवर सारखी वाटून.

तुझा,
फर्मिन

ता. क. तू फोनवर पिनाकडून काढून घेतलंस की ऑगस्टमध्ये माझ्याकडे कुणी पाहुणा आला होता. तुझ्यापासून काय लपणार! तो ग्वाममधल्या बोटींच्या कारखान्याचा मालक. जुन्या लाकडी बोटी दुरुस्त करायच्या, काम दोन वर्षांचं, राहायला घर, जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. पिनाला येऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते, ती आत अभ्यास करत होती. मी त्याला कॉफी पाजली आणि नाही म्हणून सांगितलं. रक्कम तू विचारशीलच, म्हणून लिहितो: शहाण्णव हजार डॉलर.