आठ फूट दोन इंच

अंबरनाथ
१७ नोव्हेंबर १९९६

प्रिय जयदेव,

सर्वप्रथम तुझ्याविरुद्ध एक रीतसर तक्रार नोंदवून घे. माझ्या उजव्या अंगठ्याला फोड आला आहे. साधासुधा नाही, चांगला वाटाण्याएवढा, आणि नेमका पेन टेकतो त्या जागी. गेले आठ दिवस मी लेंग्याची नाडी डाव्या हाताने बांधतोय आणि कुमुदिनी, जिने पंचवीस वर्षं माझा संसार गंभीरपणे सोसला, ती हे पाहून पदरात तोंड लपवते. फोड पॉलिशपेपरने आला. पॉलिशपेपर तुझ्या त्या डब्यावर घासावा लागला. सबब, तू मस्कतात बसला असलास तरी गुन्हेगार तूच.

कुठला डबा, ते तुला सांगायला नको. पण मला आठवायला आवडतं. शहाऐंशी साली उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या भंगाराच्या आवारात तू मला तो दाखवायला नेलंस. कारखान्यातल्या कुणा जर्मन साहेबाने हौसेने करून घेतलेली, मोटारीमागे जोडायची दोन चाकांची झोपायची खोली. पुढून गोल, मागे निमुळती, आडव्या पडलेल्या पाण्याच्या थेंबासारखी. आत दोन माणसं जेमतेम आडवी होतील, आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. साहेब मायदेशी गेला, खोली गंजली, आत कुत्रीने पिल्लं घातली. शेठ म्हणाला, "साईं, ये तो मुर्गी का पिंजरा है, वजन पे ले जाओ." आणि तू गुडघ्यांवर बसून खालचे स्प्रिंगचे पाटे असे तपासत होतास, जणू मुलीसाठी स्थळ बघतोयस. तुझ्याकडे तेव्हा एक स्कूटर होती. मोटार नव्हती, व्हायची लक्षणंही नव्हती.

परतताना उसाच्या रसाच्या गाड्यावर तू कारण सांगितलंस. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. कुळगावच्या दीड खोलीत तुझी आई, दोन भाऊ, भावजय, पोरं. तुला आणि तुळशीवहिनींना आतून कडी लावता येईल असं एक दार मिळालं नव्हतं. "महाल नको रे श्रीपाद. एक कडीचं दार पायजे, बस," असं म्हणालास आणि रसात लिंबू कमी आहे म्हणून त्या गाडीवाल्याशी उगाच भांडलास. मी हसलो नव्हतो. एवढं मला पक्कं आठवतं.

पुढची हकीकत कुळगावालाच काय, सगळ्या बदलापूरला पाठ आहे. वर्षभर तू सुट्टीचे दिवस अंगणात त्या डब्यापाशी घालवलेस. गंज खरवडलास, रेडऑक्साइडचा हात मारलास, तळाला नव्या फळ्या घातल्यास. आणि सत्त्याऐंशीच्या दिवाळीत आपल्या साप्ताहिकात 'चिमटा' नावाच्या कुणा लेखकाने एक लेख लिहिला. कुळगावातले एक गृहस्थ स्कूटरमागे जोडायला नऊ फुटी खुराडं बांधत आहेत, त्याला म्हणे आतून कडी असणार, कोंबडा-कोंबडीला आमच्या शुभेच्छा, वगैरे. लेख फार गाजला. आळीतली पोरं तुला पाहून आरवायला लागली. वहिनी नळावर गेल्या की बायका विचारायच्या, "काय गं, अंडी कधी?" दोन महिन्यांत तू डबा वांगणीला आपल्या रामभाऊंच्या पडवीत नेऊन झाकलास. मला म्हणालास, ॲल्युमिनियमचा पत्रा मिळत नाही. उल्हासनगर हाकेच्या अंतरावर असताना पत्रा मिळत नाही! मीसुद्धा मान डोलावली.

यंदा ऑगस्टात रामभाऊंनी जमीन बिल्डरला दिली. पडवी रिकामी करायची होती. वहिनी आमच्याकडे आल्या, चहाला हात न लावता म्हणाल्या, "भावजी, भंगारवाला बघा. हे डिसेंबरात यायचेत, त्यांच्या डोळ्यांसमोर नको." मी एकाला घेऊन गेलो. त्याच्या माणसाने झाकणाच्या बिजागरीवर हातोडा उगारला आणि वहिनींनी पुढे होऊन टपावर तळहात ठेवला. "थांब रे बाबा. अजून आमचंच आहे ते." मग माझ्याकडे वळल्या. "भावजी, खिळा ठोकता येतो का तुम्हाला?" मी म्हटलं, नाही. "मग शिका."

अशी माझी शिकवणी सुरू झाली. रामभाऊंच्या जीपमागे बांधून डबा आमच्या परसात आणला आणि अकरा रविवार आम्ही तिघं त्याला भिडलो आहोत. पत्रा कॅम्प पाचहूनच आणला (मिळतो, जयदेवा!). चाकं टेम्पोची. खिडकीची रबरी पट्टी जुन्या बसची. कुमुदिनीने पडदे शिवले. बाकी सगळा कारभार वहिनींचा. साहेबाची खिडकी बसल्यावर डोळ्यांसमोर येत होती; त्यांनी ती वीतभर खाली घ्यायला लावली. "दिवसभर माणूस उभाच असतो, आता पडल्या पडल्या झाड दिसू दे." मागच्या ओट्यावर स्टोव्ह वाऱ्याने विझू नये म्हणून तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा, आणि वाटेत मसाल्याच्या डब्यांना उडी मारता येऊ नये म्हणून पुढे दांडी. माझं मत त्यांनी एकदाच विचारलं, रंगाबद्दल. मी हिरवा सांगितला. निळा दिला.

आता फोडाचं खरं कारण. ओट्याखालच्या फडताळात तू तेव्हा वर्तमानपत्र चिकटवलं होतंस, आपण घरोघरी लावतो तसं. नवा रंग द्यायचा म्हणून मी ते घासायला बसलो. अर्धं निघालं आणि खाली 'चिमटा' दिसला. तोच लेख. 'नऊ फुटी' या शब्दांखाली तुझ्या सुतारी पेन्सिलची रेघ, आणि समासात कारखान्याच्या टूलरूममध्ये घोटलेल्या तुझ्या सुबक अक्षरात: "आठ फूट दोन इंच. श्रीपादने मोजायला हवं होतं." हातातला पॉलिशपेपर मी एकाच जागी नुसताच घासत राहिलो. वहिनी बघत होत्या. म्हणाल्या, "त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, भावजी. कडीचं त्यांनी तुमच्याखेरीज कुणाला सांगितलंच नव्हतं." आणि पुट्टीचा डबा माझ्याकडे सरकवला. "इथे जरा भरा, खड्डा राहिलाय."

नऊ वर्षं, जयदेव. नऊ वर्षं तू माझ्याकडे फराळाला आलास, माझ्या पोरीच्या लग्नात पंगती वाढल्यास, मस्कतहून मला पेनं पाठवलीस. पेनं! आणि तुझी एवढीच एक हरकत, की माप चुकलं. लोकांना पोट धरून हसायला लावणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही, आणि मला बरंच सुचतं. माफी मागायला बसलो की माझं वाक्य आपोआप गमतीदार होतं, तो माझा आजार आहे; म्हणून इथे मागत नाही. डबा तयार आहे. जीप द्यायचं रामभाऊंनी कबूल केलंय. दाराला कडी तेवढी लावलेली नाही. मी पितळेची आणली होती, वहिनींनी काढून घेतली: "ती हे आल्यावर बसवतील, आतून." हे पत्र मात्र सोबतच्या कात्रणासाठी लिहिलं. कालच्या अंकात, चौथ्या पानावर, मीठ-मसाला न लावता छापून आणलं आहे:

"दुरुस्ती. १९८७च्या दिवाळीतील आमच्या 'चिमटा' या सदरात कुळगाव येथील श्री. जयदेव यांच्या प्रवासी खोलीची लांबी नऊ फूट अशी छापली गेली. ती आठ फूट दोन इंच आहे. लेखकाने आता स्वतः मोजली आहे. त्या लेखातील बाकीचा मजकूरही चूक होता. – श्रीपाद, म्हणजेच चिमटा."

तुझाच, आणि वहिनींच्या हाताखालचा,
श्रीपाद