कळसूबाईवर खोट्या नावानं

घाटकोपर,
१३ जानेवारी १९८७

प्रिय सुलू,

दिवाळीपासून तू घरी आली नाहीस. पत्रं येतात, तीही आईच्या नावानं. त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर बघून दचकशील. घरी सगळं ठीक आहे. फक्त माझ्या मांड्या अशा धरल्यात की खुर्चीतून उठायला तुझ्या आईला हाक मारावी लागते, आणि ती हसत हसत येते. कारण परवा रविवारी तुझा बाप, वय वर्षे चोपन्न, कळसूबाईच्या शिखरावर जाऊन आला.

कशासाठी गेलो ते लपवत नाही. दिवाळीत तू म्हणाली होतीस, बाबा, मला भीमराजशी लग्न करायचंय, त्याला एकदा भेटा आणि मग काय ते नाही म्हणा. मी न भेटताच नाही म्हणालो, वर त्याची जात काढली. तू भाऊबीजेचीही वाट न बघता नाशिकला हॉस्टेलवर निघून गेलीस. त्यानंतर ती गोष्ट मला टोचत राहिली. विक्रोळीच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासतोय मी, न बघता एकही नग परत पाठवलेला नाही. मग ठरवलं, या मुलात खोट काढायची तर निदान बघून काढावी. तो ज्या गिरिभ्रमण मंडळाबरोबर लोकांना डोंगरावर नेतो, तिथे जाऊन नाव नोंदवलं. माझं नव्हे, आमच्या खात्यातल्या नंदकुमारचं. तुझा बाप आलाय हे कळलं असतं तर तो गोड गोड वागला असता, आणि ते मला नको होतं.

सुरुवातच फजितीनं झाली. मजबूत म्हणून मी कंपनीचे सेफ्टी शूज घालून गेलो होतो. पायथ्याच्या बारी गावात उतरल्यावर भीमराजनं माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, हे मशीनपुढे झकास. खडकावर तुम्हाला घेऊन खाली येतील." सॅकमधून त्यानं जादाचे कॅनव्हासचे हंटर शूज काढले. एक नंबर मोठे होते, म्हणून दोन मोजे घालायला लावले. चढताना मी खोट शोधत होतो. एक लगेच सापडली, तो सारखा गातो आणि बेसूर गातो. बाकी म्होरक्या असून सगळ्यांच्या मागे चालतो, मी दम खायला थांबलो की बुटाची नाडी बांधत बसतो. चौथ्यांदा नाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं, मला दम घेता यावा म्हणून ते नाटक होतं.

खरी परीक्षा कातळाच्या टप्प्यावर झाली. दोन पुरुष उंच उभा खडक, आणि मधोमध गेल्यावर मी खाली बघितलं. वर जाता येत नाही आणि खालीही उतरता येत नाही, अशी अवस्था. मी म्हटलं, "हात दे रे." तर हा म्हणतो, "हात नाही देणार काका. माझ्या हाताकडे बघाल आणि पाय चुकेल. तीन जागा घट्ट धरा, एकच हलवा. आणि खडकाला छाती चिकटवू नका, पाय दिसत नाहीत मग." मी चिकटलोच होतो. त्यावर जो ओरडा खाल्ला, तसा फोरमनकडूनही कधी खाल्ला नव्हता. राग आला, पण त्या रागाच्या भरात उजवा पाय खाचेत गेला, मग डावा, आणि मी वर होतो. तुझा बाप स्वतःच्या पायांनी वर गेला, सुलू. भंडारदऱ्याचं पाणी खाली चमकताना दिसलं आणि डोळे भरून आले.

शिखरावरच्या देवळात देवीला नारळ फोडून बाहेर आलो, तर त्यानं मला बाजूला घेतलं आणि खिशातून माझा फॉर्म काढला. नाव नंदकुमार. खाली रकाना होता, अपघात झाल्यास कोणाला कळवावे. तो भरताना मी घाबरलो होतो गं. तिथे खोटं लिहायला हात धजला नाही. सुलक्षणा काशीराम परब, मुलगी, नर्सेस हॉस्टेल, नाशिक. फॉर्म वाचल्यापासून, म्हणजे शनिवारपासूनच भीमराजला माहीत होतं मी कोण ते. आधी का बोलला नाहीस विचारलं, तर म्हणाला, "बोललो असतो तर तुमचं लक्ष पायांवर राहिलं नसतं. मला तुम्हाला सुखरूप घरी पोचवायचं होतं." एवढंच. लग्नाचा शब्दही काढला नाही. गाडीत मी त्याच्या शेजारी बसून आलो. आता साकीनाक्याचं त्याचं वर्कशॉप, त्याची आई सोनूबाई, त्यांचं घर, सगळं मला माहीत आहे. दिवाळीत मी बोललो ते वाईट बोललो, चुकलो. सोनूबाईंकडे आपण रीतसर कधी जायचं ते सुलूला विचार, असं काल तुझ्या आईला म्हणालो. ती म्हणाली, 'नाही' तुम्ही म्हणालात, आता विचाराही तुम्हीच. म्हणून हे पत्र. तर पोरी, विचारतो आहे, कधी येतेस?

वाट बघणारा, तुझाच,
बाबा